ताई महापौर नव्हत्या हो! | इंदूरच्या निगमातून लोकसभेत

नमस्कार मंडळी! शेजारच्यांचा कुकर चाललाय, शिट्टी ऐकू आली तर सांभाळून घ्या.

गेल्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पन्नासदा आलाय: "माजी महापौर सुमित्राताई महाजन खासदार कशा झाल्या?" लोकसभेला उभं राहायचं तर काय लागतं ते पटकन सांगतो. वय पंचवीस पूर्ण, मतदार यादीत नाव, पंचवीस हजार अनामत. झालं. नगरसेवक असलात तरी चालतं.

आता "माजी महापौर" या शब्दांकडे येऊ. ताई उपमहापौर होत्या. उप! 1984-85 ला. आणि ही चूक तुमचीच नाही, मागे मीही केली होती. व्हिडिओ टाकून पोह्यांवर शेव घालतोय तोच लोकमान्य नगरच्या मावशीचा फोन. "अरे, उपमहापौर! आमच्या डोळ्यासमोरची गोष्ट आहे." पोहे गार झाले, मावशी थांबेना.

तुम्ही म्हणाल, 'उप'नं काय बिघडतं? बिघडतं! तेव्हा महापौर-उपमहापौर नगरसेवकच आपल्यातून निवडायचे. तुम्ही-मी मत द्यायचो ते फक्त वॉर्डापुरतं. महापौराला थेट मत देणं आपल्याकडे फार नंतर आलं. 2022 ला पुष्यमित्र भार्गव आपण थेट निवडले, ते डोक्यात ठेवून 1984 कडे बघाल तर गणित चुकणारच.

म्हणजे बघा, अख्ख्या शहरानं ताईंना त्या खुर्चीसाठी कधी मत दिलंच नव्हतं. उलट 1985 ला विधानसभेला उभ्या राहिल्या आणि हरल्या. हे कुणी सांगत नाही, सगळ्यांना आठ विजयच पाठ! आणि 1989 ला समोर कोण? प्रकाशचंद्र सेठी. माजी मुख्यमंत्री, माजी केंद्रीय गृहमंत्री. त्यांना हरवलं चिपळूणच्या माहेरवाशिणीनं, इंदूरच्या सुनेनं. मग 2014 पर्यंत सलग आठ वेळा. शेवटी लोकसभा अध्यक्ष.

"महापौर होत्या म्हणून निवडून आल्या" असं म्हटलं की या हरण्या-जिंकण्याची सगळी मेहनत पुसली जाते. माझा राग त्याचा आहे, भिया, शब्दाचा नाही.

एका दादांनी लिहिलंय, "मग महिला महापौर झालीच नाही का?" झाल्या की! डॉ. उमाशशी शर्मा, मालिनी गौड. 2017 ला इंदूर पहिल्यांदा देशात सगळ्यात स्वच्छ ठरलं, तेव्हा मालिनीताईच महापौर होत्या. पण लोकसभेत गेल्या त्या उपमहापौर. गंमत आहे ना?

आणि महापौरकीवर असतानाच लोकसभा लढवलेला माणूस हवा असेल तर ग्वाल्हेरला जा. 2019 ला विवेक शेजवलकर महापौर असतानाच उभे राहिले आणि जिंकले.

शेवटची कमेंट महूच्या एका ताईंची: "पुढच्या वेळी इंदूरमधून बाई उभी राहिली तर मत तिलाच." ताई, भावना पोचली, पण तुम्ही इंदूर जिल्ह्यात असलात तरी लोकसभेला तुमचं मत धारमध्ये पडतं. इंदूरची बाई तुमच्या मशीनवर दिसायची नाही.

बघा, चौथी शिट्टी.