पाचशे प्रती

[छापखाना. यंत्र सुरू होतं.]

हा आवाज एकरंगी ऑफसेट यंत्राचा. नागपूरच्या महाल भागात एका बोळाच्या टोकाला हा छापखाना आहे. दसरा बारा दिवसांवर आलाय. दिवाळी अंकांची कामं अंगावर आहेत, त्यामुळे यंत्र रात्रीही बंद होत नाही. या गर्दीत एका लहान कामाला जागा मिळाली आहे. झाडीबोलीतल्या कथा, डेमी आकार, १६० पानं, पाचशे प्रती. लेखक आणि प्रकाशक, दोन्ही ठिकाणी एकच नाव.

[खिशाला दोन पेनं लावलेले गृहस्थ, हातात वही.]

ते नाव यांचं. भंडारा जिल्ह्यातले आहेत, एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेत. छापखान्यात सगळे त्यांना काकाजी म्हणतात. आपणही काकाजीच म्हणू.

ही वही बघा. डावीकडच्या पानावर तिकिटांचा हिशेब आहे, उजवीकडे कथा. गाडी मुक्कामी असली की रात्री चालक झोपायचा आणि काकाजी लिहायचे. खेड्यातल्या चावडीवर, शाळेच्या ओट्यावर, कधी गाडीतल्याच बाकावर. गावातली माणसं जे बोलली ते त्यांच्याच बोलीत उतरवलं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात ही बोली बोलली जाते. तिच्यात 'ण' नाही, त्या जागी 'न' येतो.

[मुद्रितं. लाल शाई.]

म्हणून पहिल्या मुद्रितांवर, म्हणजे छपाईआधी तपासायच्या पानांवर, हा लाल रंग सांडलाय. मुद्रितशोधकानं अगदी निष्ठेनं प्रत्येक 'पानी'चं 'पाणी' केलं, प्रत्येक 'कोनी'चं 'कोणी'. काकाजींनी तीन रात्री बसून ते सगळे 'ण' पुन्हा खोडले. समासात निळ्या पेनानं लिहिलंय, 'असंच राहू द्या'. प्रत्येक पानावर. एका पानावर अकरा वेळा.

त्याआधी दोन प्रकाशकांकडे हस्तलिखित जाऊन आलं होतं. एकानं कथा प्रमाण मराठीत करून आणायला सांगितलं. दुसऱ्यानं छपाईचा खर्च मागितला, आणि हक्कही स्वतःकडे ठेवतो म्हणाला. काकाजींचा हिशेब वाहकाचा. खर्च आपलाच असेल तर पुस्तकही आपलंच असायला हवं.

[संगणकाचा पडदा. अक्षरं तुटलेली.]

अक्षरजुळणीचं काम पुतणीनं केलं. तिनं मोबाईलवर युनिकोडमध्ये टंकलं, छापखान्याचं काम मात्र श्री-लिपी या वेगळ्या फॉन्टप्रणालीत चालतं. एकातून दुसऱ्यात नेताना काय होतं ते पडद्यावर दिसतंय. रफार उडून शेजारच्या अक्षरावर बसतो, पहिली वेलांटी आपलं अक्षर सोडते. १६० पानांतला एकेक रफार हातानं जागेवर आणावा लागला.

[छपाईच्या टेबलावर वेगवेगळी मुखपृष्ठं.]

टेबलावर आज फक्त काकाजींचं मुखपृष्ठ नाही. हा परिचारिकेचा कवितासंग्रह, रात्रपाळीत लिहिलेला. ही धानाच्या जुन्या वाणांवरची पुस्तिका, लिहिणारा स्वतः बांधावरचा शेतकरी. ही भूमी अभिलेख कार्यालयातल्या कारकुनाची ऐतिहासिक कादंबरी, आणि ती पिवळी, मुलांसाठी विज्ञानकोडी. चारही पुस्तकं लेखकांनी स्वतःच्या पैशानं काढलेली. स्वखर्चानं काढलेलं पुस्तक म्हणजे कुणालाच नको असलेलं पुस्तक, असं आपल्याकडे सहज बोललं जातं. ते खरं नाही. मराठीचाच इतिहास ते खोटं ठरवतो.

१८५५ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे, म्हणजे पुस्तकांना बक्षीस देणाऱ्या सरकारी समितीकडे दिलं. कमिटीनं नाकारलं. ते नाटक छापून यायला १९७९ उजाडलं. 'गुलामगिरी'साठी जोतीराव कुठल्या कमिटीच्या दारात थांबले नाहीत. १८७३ मध्ये पुण्याच्या पुना सिटी प्रेसमधून त्यांनी ते पुस्तक छापून काढलं. मंजुरीची वाट पाहिलेलं पुस्तक आणि न पाहिलेलं पुस्तक, लेखक एकच.

[यंत्रातून कागद बाहेर पडतोय.]

आता हा कागद नीट बघा. अठरा बाय तेवीस इंचांचा एक ताव. एका बाजूला आठ पानं, उलटून दुसऱ्या बाजूला आठ, मिळून सोळा पानांचा एक फर्मा. पानं ओळीनं नाहीत. एकच्या शेजारी सोळा, आठच्या शेजारी नऊ, काही सरळ तर काही डोक्यावर उभी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला काहीतरी चुकलंय असंच वाटतं. काकाजींनाही वाटलं, ते घाबरून मालकांकडे गेले. मालकांनी ताव उचलला, एक घडी, दुसरी घडी, तिसरी घडी, आणि पानं एक ते सोळा ओळीनं लागली. मग काकाजींनी ती घडी स्वतः तीनदा घालून पाहिली. आम्ही कॅमेरा बंद केला तरी ते घालतच होते.

दहा फर्मे, वीस प्लेटा; तावाच्या प्रत्येक बाजूला छपाईची एक प्लेट. पाचशे प्रतींना पाच हजार ताव, वर वाया जाणारे वेगळे. हजार प्रती काढल्या असत्या तर प्रत स्वस्त पडली असती, कारण प्लेटांचा खर्च तोच राहतो. पण घरात ठेवायच्या कुठे? आता मागणीनुसार पन्नास-शंभर प्रती डिजिटल यंत्रावर छापून मिळतात, किंडलवरही मराठी पुस्तक चढवता येतं. काकाजींनी विचार केला होता. त्यांचे वाचक कागदावरचे आहेत.

[घड्या घालणारे हात.]

घड्या घालायला या तिघी. डाव्या हातानं ताव वळतो, उजव्या हातातली पट्टी घडीवरून सर्रकन फिरते. मग फर्मे एकावर एक चढतात, पाठीला गरम सरस लागतो, मुखपृष्ठ बसतं, कटिंग यंत्र तीन बाजू कापून टाकतं. कापलेल्या कडेवर हात फिरवताना काकाजी.

[काही क्षण निवेदन नाही.]

पाचशे हा आकडा मराठीला ओळखीचा आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुष तुलना' हा निबंध १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापला गेला. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. बाईची बाजू इतक्या धारेनं मांडणारं ते पुस्तक पुढे जवळजवळ विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून वाचकांपुढे आणलं. पाचशेतली एखादी प्रत कुठेतरी टिकून राहिली, म्हणून ते झालं.

काकाजींच्या मलपृष्ठावरची ही तेरा आकड्यांची पट्टी म्हणजे आयएसबीएन, पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून तो मिळतो, फी लागत नाही, आणि लेखक स्वतःच्या नावावर अर्ज करू शकतो. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. प्रकाशक म्हणजे इथे काकाजीच. ही चार पाकिटं त्यांनी सुतळीनं बांधली आहेत.

[दीक्षाभूमी. पहाट. रस्त्याच्या कडेला पुस्तकं मांडली जात आहेत.]

अशोक विजयादशमी. लाखो माणसं इथे येतात आणि परतताना पुस्तकं घेऊन जातात. मोठ्या प्रकाशकांचे मांडव आहेत. त्यांच्या पुढे, फुटपाथवर, सतरंजी टाकून बसलेले हे सगळे लेखक-प्रकाशक. चार पानी गीतांपासून चारशे पानी आत्मकथनांपर्यंत सगळं इथे आहे. लिहिणारा आणि विकणारा एकच. पुस्तकात काय आहे हे विचारलं की पाठ सांगतो.

याच जमिनीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. त्याच्या बरोबर एक महिना आधी, १४ सप्टेंबरला, त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिलं होतं. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ छापायला वीस हजार रुपये लागणार होते, तो खर्च त्यांना झेपणारा नव्हता. सरकारनं प्रती विकत घ्याव्यात, एवढीच विनंती होती. किती प्रती? पाचशे. सरकारनं त्या घेतल्या नाहीत. ग्रंथ १९५७ मध्ये बाहेर आला तेव्हा बाबासाहेब नव्हते. आज या रस्त्यावर तो ग्रंथ किती ठिकाणी मांडलाय ते मोजा. कॅमेरा फिरतोय.

[काकाजींची सतरंजी. एक म्हातारी बाई पुस्तक उघडते.]

या आजी गोंदियाकडच्या. त्यांना वाचता येत नाही. सोबतच्या नातवानं पहिलं पान वाचलं, मोठ्यानं. दुसऱ्या ओळीला आजींनी मान वर केली. पुढे बघा.

[काही क्षण निवेदन नाही. नातू वाचतोय. आजी हसतात.]

काकाजींनी दोन खोकी आणली होती, साठ-साठ प्रतींची. संध्याकाळपर्यंत त्र्याऐंशी गेल्या. छापील किंमत दोनशे, इथे दीडशे. बाकीच्या प्रती घरी पलंगाखाली आहेत. निवृत्तीच्या पैशांतला वाटा अजून भरून निघायचाय. शासनमान्य ग्रंथयादीसाठी पुस्तक पाठवायचं आहे. यादीत लागलं तर ग्रंथालयं घेतील.

[बस स्थानक. रात्र.]

भंडाऱ्याची गाडी. उरलेलं खोकं काकाजींनी सीटखाली सरकवलं. वाहक मागून पुढे तिकिटं काढत येतोय, नव्यानं लागलेला पोरगा. खोक्याला पाय लागला, तो थांबला.

"काकाजी, हे काय?"

"पुस्तकं."

"कोनाची?"