गल्लीतला वेग

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्या सोसायटीच्या फाटकासमोरून जो रस्ता जातो, त्यावरून मोटार ताशी किती वेगानं न्यायला कायद्याची परवानगी आहे, सांगता येईल? केंद्र सरकारनं ६ एप्रिल २०१८ रोजी काढलेल्या अधिसूचनेत महापालिका हद्दीतल्या रस्त्यांसाठी कमाल वेग दिलेत. मोटारीला ताशी ७० किलोमीटर, मोटारसायकलला ६०, रिक्षाला ५०. ही वरची मर्यादा आहे. तिच्याहून कमी मर्यादा लावण्याचा अधिकार राज्य सरकारला आणि त्यानं नेमलेल्या अधिकाऱ्यांना आहे. पण जिथे असा वेगळा आदेश काढलेला नाही, तिथे चार पदरी हमरस्ता आणि दोन्ही बाजूंना दुचाक्या लावलेली गल्ली यांच्यात कायद्याच्या लेखी काही फरक उरत नाही.

मी पुण्यात राहतो. कर्वे रस्ता संध्याकाळी तुंबला की लोक म्हणतात, ‘चल, आतून काढू.’ हे ‘आतून’ म्हणजे मयूर कॉलनी, डहाणूकर कॉलनी, कर्वेनगरच्या गल्ल्या. तिथे त्याच वेळी मुलं क्लासहून परतत असतात, आजी-आजोबा फिरायला निघालेले असतात, भाजीची गाडी कोपऱ्यावर उभी असते. सिग्नलला थांबून कावलेला माणूस आत वळला की गेलेली मिनिटं भरून काढायला बघतो. पदपथ कुठे अरुंद, कुठे खोदलेला, कुठे त्यावर डीपीचा खांब, त्यामुळे चालणारा आधीच रस्त्यावर उतरलेला असतो. आपल्यापैकी कितीजण सहा वर्षांच्या मुलाला समोरच्या दुकानातून दूध आणायला एकटं पाठवतात? आपण लहान असताना हे काम आपलंच होतं. मुलांना घरात कोंडून आपण वाहनांना रस्ता मोकळा करून दिला, आणि तो निर्णय कधी कुणाला विचारून झाला नाही.

माझी मागणी एकच आहे आणि ती मी स्पष्ट मांडतो. ज्या रस्त्यांवर घरं, शाळा, दवाखाने आणि मंडई आहेत, तिथे वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर असावी. आणि रस्त्याची बांधणी अशी असावी, की ३० च्या वर जाणं चालकाला सहज जमूच नये.

आता हा ३० चा आकडा आला कुठून, ते सांगतो. जरा आकडेमोड आहे, पण ऐका.

ताशी ३० नं जाणारी गाडी एका सेकंदाला साधारण सव्वाआठ मीटर पुढे जाते. ताशी ५० ची जवळजवळ १४ मीटर. समोर चेंडूमागे पोर आलं, ते डोळ्यांनी पाहिलं, मेंदूला कळलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात सावध माणसाचाही सेकंदभर जातो. तो सेकंद गाडी पूर्ण वेगानंच धावत असते. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकनं, ३० वाली गाडी एकूण १३ मीटरच्या आसपास थांबते. म्हणजे पोर १३ मीटरवर असेल तर वाचलं. त्याच १३ मीटरवर ५० वाल्या गाडीचा ब्रेक लागलेलाही नसतो. ती पोराला धडकते, तेव्हा तिचा वेग अजून ५० च असतो! ती थांबायला २७-२८ मीटर लागतात. पावसाळ्यात, गुळगुळीत झालेल्या टायरवर, त्याहून जास्त.

आणि धडक किती जोराची? वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते, हे आपण शाळेत शिकलोय. ताशी ३० ची धडक म्हणजे साधारण साडेतीन मीटरवरून, पहिल्या मजल्याच्या खिडकीतून खाली पडण्याइतकी. ताशी ५० ची धडक जवळपास दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतकी. पहिल्या मजल्यावरून पडलेला माणूस हाडं मोडून का होईना, बहुतेक वेळा उठतो. तिसऱ्या मजल्याचं काय, ते मी बोलायला नको.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्का वाढला, तर जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली १५ हजारांहून जास्त आपल्या महाराष्ट्रातली. सरकारी अहवालात यातल्या सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंचं कारण ‘अतिवेग’ असं नोंदलंय. यात महामार्गांचा वाटा मोठा आहे, हे खरं. पण मेलेल्यांत जवळजवळ प्रत्येक पाचवा माणूस पायी चालणारा होता, आणि चालणारी माणसं महामार्गापेक्षा आपल्या वस्त्यांतच जास्त असतात.

ही काही चार हळव्या नागरिकांची मागणी नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला रस्ते सुरक्षेवर मंत्रिस्तरीय जागतिक परिषद झाली. आपले केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी तिथे उपस्थित होते. त्या परिषदेच्या जाहीरनाम्यात हेच लिहिलंय: जिथे चालणारे, सायकलवाले आणि वाहनं नेहमी एकाच रस्त्यावर येतात, तिथे कमाल वेग ताशी ३० किलोमीटर ठेवावा. ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरानं तर मुख्य रस्ते सोडून साऱ्या शहरात ही मर्यादा १९९२ मध्येच लावली. फिनलंडच्या हेलसिंकीत निम्म्याहून जास्त रस्त्यांवर ३० ची मर्यादा आहे, आणि २०२५ च्या जुलैपर्यंतच्या बारा महिन्यांत त्या शहरात रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. पावणेसात लाख वस्तीचं शहर, आणि वर्षभरात एकही नाही.

ब्रिटनमधल्या वेल्सची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिथे भांडण झालं. १७ सप्टेंबर २०२३ पासून तिथल्या सरकारनं वस्तीतल्या रस्त्यांची मर्यादा ताशी ३० मैलांवरून २० मैलांवर, म्हणजे आपल्या हिशेबानं ३२ किलोमीटरवर आणली. लोक खवळले. जेमतेम ३१ लाख वस्तीचा तो देश. तिथे निर्णय मागे घ्या म्हणणाऱ्या अर्जावर साडेचार लाखांहून जास्त सह्या पडल्या. सरकारनं मूळ निर्णय सोडला नाही, पण काही मुख्य रस्त्यांची मर्यादा पुन्हा वाढवायला स्थानिक परिषदांना वाट करून दिली. आणि पहिल्या वर्षा-दीड वर्षाची पोलिसांची नोंद आली, तेव्हा २० आणि ३० मैलांच्या रस्त्यांवर मेलेल्या आणि जखमी झालेल्यांची संख्या सुमारे पाव हिश्श्यानं घटलेली होती. विरोध होणारच, आपल्याकडेही होईल. ज्या माणसाचा जीव वाचला, त्याला आपण वाचलो हे कळतसुद्धा नाही, त्यामुळे त्याची सही कुठल्याच अर्जावर येत नाही. त्याच्या वतीनं आपल्यालाच बोलावं लागेल.

लोक म्हणतात, हळू गेलं तर उशीर होईल. दीड किलोमीटरची गल्लीबोळांतली वाट धरा. ३० नं तीन मिनिटं लागतात, ५० नं एक मिनिट ४८ सेकंद. फरक सव्वा मिनिटाचाही नाही, आणि पुढच्या सिग्नलला तोही संपतो. यावर मला अजून बोलावंसं वाटत नाही.

खरा प्रश्न दुसरा आहे: पाटी लावून ऐकतो कोण? पाट्या आपल्याकडे काय कमी आहेत? पुण्यात पाटी हा तर साहित्यप्रकार आहे. नुसत्या पाटीनं वेग उतरत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. दंडानंही फार काळ उतरत नाही, कारण प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी पोलीस उभा करता येत नाही. वेग उतरतो तो रस्त्याच्या आकारानं. गल्लीत नवं काँक्रीट झालं, रस्ता गुळगुळीत, सरळ आणि रुंद दिसायला लागला की तोच माणूस, तीच गाडी, नकळत दहा-पंधरानं जास्त वेगात जाते. त्याला बेशिस्त म्हणून भागत नाही. आपणच त्याला धावपट्टी बांधून दिलेली असते.

मग आपण काय करतो? गतिरोधक मागतो. आणि इथे मला मनापासून तक्रार करायची आहे, कारण गतिरोधक कसा असावा याचे नियम आपल्या देशात आहेत. रस्तेबांधणीची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या प्रमाणानुसार गोलाकार उंचवट्याची रुंदी ३.७ मीटर, म्हणजे जवळजवळ बारा फूट असते, आणि मधली उंची १० सेंटिमीटर. त्यावरून ताशी २५ च्या वेगानं गेलं तर कंबरेला हिसका बसत नाही. त्याहून जोरात गेलं तरच बसतो. म्हणजे तो उंचवटा तुमच्याशी वेगाची भाषा बोलतो. आपल्या गल्ल्यांत काय दिसतं? हातभर रुंदीचा डांबराचा ढीग, नाहीतर खिळ्यांनी ठोकलेली रबरी पट्टी. त्यावर रुग्णवाहिकेतला रुग्ण कळवळतो, मागे बसलेल्या गरोदर बाईच्या जिवाचं पाणी होतं, वर्षभरात रबर उखडतं आणि नुसते खिळे उरतात. पांढरे-पिवळे पट्टे पुसलेले, दिवा बंद, आणि रात्री दुचाकीवाला उडतो. पाणी वाहून जायला कडेला जी फट सोडलेली असते, तिथून बाकीचे दुचाकीवाले वेग न उतरवता निघून जातात, नेमके चालणाऱ्याच्या अंगावरून. असा ढीग नकोच, तो खरवडून टाका म्हणून मागणी करायला हवी.

त्याऐवजी मागण्यासारख्या गोष्टी आहेत. शाळेसमोर आणि बसथांब्यापाशी पदपथाच्या उंचीइतकं उचललेलं क्रॉसिंग. गाडीला ते चढून उतरावं लागतं, म्हणून ती सावकाश येते. आजीला मात्र पायरी उतरावी लागत नाही. दुसरं म्हणजे कोपरे. आपल्याकडे गल्लीच्या तोंडाशी कोपरा इतका ऐसपैस गोल करतात की गाडी ब्रेकला पायही न लावता आत वळते. तो कोपरा आवळला, पदपथ तिथे थोडा पुढे आणला, की वळताना थांबल्यासारखं व्हावंच लागतं, आणि रस्ता ओलांडायचं अंतरही कमी होतं. औंधच्या डीपी रस्त्यावर आणि जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद केले, तेव्हाही खूप आरडाओरडा झाला होता. आज त्या पदपथांवर संध्याकाळी कोण कोण बसलेलं असतं, ते एकदा जाऊन बघा.

आता, हे मागायचं कुणाकडे? दोन दारं ठोठवावी लागतात. वेगमर्यादेचा आदेश वाहतूक शाखा काढते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ मध्ये सार्वजनिक हितासाठी ठराविक रस्त्यावर मर्यादा कमी करायची सोय आहे, आणि कलम ११६ खाली तिथे पाट्या लागतात. पुण्यात वाहतुकीत असे बदल करताना आधी तात्पुरता आदेश निघतो आणि नागरिकांच्या हरकती-सूचना मागवल्या जातात. त्याची बातमी वर्तमानपत्रात कोपऱ्यात येते, आपण ती वाचत नाही, आणि मुदत संपते. बांधकामाचं काम मात्र महापालिकेच्या पथ विभागाचं. पुणे महापालिका आपापल्या भागातली कामं अंदाजपत्रकात घ्यायला नागरिकांकडून दरवर्षी सूचना मागवते. त्यात उंचावलेलं क्रॉसिंग लिहून देता येतं. आणि हो, २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात कलम १९८-अ आलंय. रस्त्याची रचना ठरलेल्या निकषांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्जात या कलमाचा उल्लेख जरूर करा.

अर्जाला मोजणी जोडली तर तो बाजूला सारणं अवघड जातं. हे काम तुम्ही येत्या रविवारी करू शकता. रस्त्याच्या कडेनं टेप धरून ५० मीटर मोजा, दोन टोकांना खडूनं खूण करा. दोघं पदपथावर किंवा कुंपणाच्या आत सुरक्षित उभे राहा. गाडीचं पुढचं चाक पहिल्या खुणेवर आलं की एकानं हात वर करायचा आणि दुसऱ्यानं मोबाईलचं स्टॉपवॉच सुरू करायचं, दुसरी खूण ओलांडली की बंद. सहा सेकंद लागले तर वेग ताशी ३० किलोमीटर. साडेचार सेकंद म्हणजे ४०. ३.६ सेकंद म्हणजे ५०. गाड्यांचे नंबर लिहू नका, कुणाला पकडायचं नाहीये. शंभर वाहनं मोजा, शाळा सुटायच्या वेळी वेगळी आणि रात्री नऊनंतर वेगळी. त्यातली किती ३० च्या वर होती तो आकडा, तारीख, वेळ आणि जागेचा साधा नकाशा अर्जाला जोडा. शाळेच्या मुख्याध्यापकांची सही घ्या, कोपऱ्यावरच्या दुकानदाराची घ्या, रिक्षा थांब्यावरच्या मंडळींचीही घ्या. तेही दिवसभर त्याच रस्त्यावर असतात. एक प्रत वाहतूक शाखेला, एक महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला द्या आणि दोन्हीकडून पोच घ्यायला विसरू नका.

नमस्कार.