हॉटेलातले जेवण, प्रवासाचे तिकीट आणि कार्डाचे पॉइंट

श्रोतेहो, नमस्कार.

मराठीत आपण जेवायला हॉटेलात जातो. राहायची सोय नसलेल्या, चार टेबले आणि एक गल्ला एवढ्यावर चालणाऱ्या जागेलाही आपण हॉटेलच म्हणतो आणि त्यामुळे आपले कधी अडत नाही. क्रेडिट कार्डाच्या व्यवहारात मात्र हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा आणि रेस्टॉरंट म्हणजे जेवणाची जागा असा काटेकोर भेद केलेला असतो. कार्डाने खर्च केला की बँक बक्षीस म्हणून पॉइंट देते, आणि बाहेरच्या जेवणावर व प्रवासावर मिळणाऱ्या जादा पॉइंटांचा हिशेब बऱ्याच अंशी याच भेदावर चालतो. आज त्या हिशेबाविषयी बोलायचे आहे, कारण कार्ड घेताना तो आपल्याला सहसा कुणी समजावून सांगत नाही.

गेल्या वर्षी माझ्या आईची पंचाहत्तरी आम्ही घरातल्या आठ माणसांनी एका मोठ्या निवासी हॉटेलच्या तळमजल्यावरच्या उपाहारगृहात साजरी केली. बिल ९,४०० रुपये झाले. माझ्या कार्डावर जेवणाच्या खर्चाला दर १०० रुपयांमागे १० पॉइंट आणि इतर खर्चाला २ पॉइंट अशी योजना होती, त्यामुळे ९४० पॉइंट जमा होतील असे मी धरून चाललो होतो. स्टेटमेंट आले तेव्हा त्यात १८८ पॉइंट होते. ग्राहक सेवा केंद्रातल्या मुलीने फोनवर शांतपणे समजावले, की वेटरने टेबलाशी आणलेले कार्डाचे यंत्र हॉटेलच्या मुख्य खात्याला जोडलेले होते आणि त्या खात्याची नोंद निवासव्यवस्था अशी आहे. आम्ही तिथे रात्र काढली नव्हती, पण बँकेच्या दप्तरी तो खर्च खोलीच्या भाड्याच्याच रकान्यात गेला.

कोणत्याही दुकानदाराला कार्ड घेण्याची सोय देताना त्याची बँक त्याला चार आकडी संकेतांक लावते. बँकेच्या भाषेत त्याला एमसीसी म्हणतात. उपाहारगृहाचा संकेतांक ५८१२, फास्ट फूडचा ५८१४, केटररचा ५८११, बेकरीचा ५४६२, निवासी हॉटेलचा ७०११, विमान कंपनीचा ४५११, प्रवासी रेल्वेचा ४११२ आणि ट्रॅव्हल एजन्सीचा ४७२२. काही मोठ्या विमान कंपन्या आणि हॉटेलांच्या साखळ्या यांना तर स्वतःचे वेगळे संकेतांक आहेत. तुमच्या ताटात काय वाढले होते ते बँकेच्या संगणकाला दिसत नाही, त्याला हा क्रमांक दिसतो. म्हणून बेकरीतून आणलेला वाढदिवसाचा केक किंवा मुंजीच्या जेवणासाठी केटररला दिलेले पैसे जेवणाच्या वर्गात मोजले जातीलच असे नाही. घरपोच जेवण मागवण्याच्या ॲपवरचा खर्च काही कार्डांवर जेवण म्हणून धरला जातो, तर काहींवर तो वेगळ्या वर्गात जातो. याला उपाय साधा आहे. ज्या ठिकाणी मोठा खर्च करायचा आहे तिथे आधी एखादा लहान खर्च कार्डाने करावा आणि त्यावर किती पॉइंट जमा झाले ते पाहावे.

हे पॉइंट बँक देते तरी कशातून? आपण कार्ड वापरले की दुकानदार त्या रकमेतला काही भाग शुल्क म्हणून सोडतो आणि त्या शुल्कातला वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो. त्या वाट्यातला एक तुकडा पॉइंटांच्या रूपाने आपल्याकडे परत येतो. प्रवास आणि जेवण यांच्याशी कार्डाचे नातेही जुने आहे. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या डायनर्स क्लबचे कार्ड मुळात उपाहारगृहांत चालावे म्हणून निघाले होते, आणि १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने प्रवाशांना मैल, म्हणजे पुढच्या विमान प्रवासासाठी वापरता येणारे पॉइंट, जमा करून देण्याची योजना काढल्यावर पुढे बँका असे मैल विकत घेऊन आपल्या कार्डधारकांना देऊ लागल्या. जिथे दुकानदार शुल्क भरत नाही, तिथे पॉइंटही आटतात. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून छोट्या दुकानदाराचा क्यूआर कोड स्कॅन केला, तर २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर त्याला शुल्क पडत नाही. त्याच्या दृष्टीने हे चांगलेच आहे, पण अशा व्यवहारांवर अनेक बँका पॉइंट कमी देतात किंवा देतच नाहीत.

आता पॉइंटाची किंमत पाहू. शंभराला दहा पॉइंट म्हटले की दहा टक्के सुटले असे वाटते आणि आपली पहिली चूक इथेच होते. माझ्या कार्डावर एका पॉइंटाचे २५ पैसे मिळत. म्हणजे ९४० पॉइंट जमा झाले असते तरी त्यांचे मोल २३५ रुपये, अडीच टक्के. पॉइंट वापरताना काही बँका ९९ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आकारतात, ते जवळपास ११७ रुपये वजा केले की हातात ११८ रुपये उरतात. आणि समजा, ते ९,४०० रुपयांचे बिल मुदतीत न भरता मी किमान रक्कम भरून पुढे ढकलले असते, तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या दराने एका महिन्याचे व्याज ३२९ रुपयांच्या घरात गेले असते, आणि वर त्याचा जीएसटी. शिवाय हे व्याज खर्चाच्या तारखेपासून लागते आणि थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरची बिनव्याजी सवलतही जाते. कार्डाच्या थकबाकीवर ३० टक्क्यांहून अधिक वार्षिक व्याज घेऊ नये असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ सालचा निर्णय होता. सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. तेव्हा ज्याला दर महिन्याला पूर्ण बिल भरणे जमत नाही, त्याने पॉइंटांकडे पाहून कार्डाने एक रुपयाही खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रवासात गणित थोडे बरे जुळते. आयआरसीटीसी आणि स्टेट बँकेच्या कार्डाची संयुक्त योजना मला त्यातल्या त्यात सरळ वाटते, कारण तिथे एका पॉइंटाचा एक रुपया होतो आणि तो पुन्हा रेल्वेच्या तिकिटालाच वापरता येतो. ठरावीक वातानुकूलित वर्गांच्या तिकिटांवर दहा टक्क्यांपर्यंत मोल परत मिळते. दर उन्हाळ्यात आणि दिवाळीत मुंबईहून नागपूरला किंवा पुण्याहून दिल्लीला एसीने जाणाऱ्या कुटुंबाला याचा उपयोग होतो, स्लीपरने जाणाऱ्याला फारसा नाही. एक बारीक गोष्टही लक्षात ठेवावी. आयआरसीटीसीवर एसी तिकीट कार्डाने काढले तर ३० रुपये आणि यूपीआयने काढले तर २० रुपये सुविधा शुल्क पडते, दोन्हींवर जीएसटी वेगळा.

विमानाचे तिकीट बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढले तर पाचपट, दहापट पॉइंट मिळतील असे सांगितले जाते. ते मिळतातही, पण महिन्याची कमाल मर्यादा असते आणि तेच तिकीट विमान कंपनीकडे थेट स्वस्त मिळत असेल तर फरकातच पॉइंट संपतात. तिकीट रद्द केले तर दिलेले पॉइंट बँक परत काढून घेते.

परदेशात बहुतेक कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत चलन अधिभार आणि त्यावर जीएसटी लागतो, म्हणजे चार टक्क्यांहून थोडे अधिक. अडीच टक्क्यांचे पॉइंट मिळवायला दुबईतल्या जेवणावर चार टक्के मोजण्यात अर्थ नाही. आणि तिथले यंत्र रुपयांत पैसे द्यायचे का असे विचारेल, तेव्हा स्थानिक चलनच निवडावे, कारण रुपयाचा तो दर सहसा आपल्या तोट्याचा असतो.

पॉइंट साठवून ठेवण्याची आपल्याला फार हौस असते. बँकेतल्या ठेवीला कायद्याचे संरक्षण असते, पॉइंटांना ते नसते. त्यांचे मोल आणि मुदत योजना चालवणारी कंपनी बदलू शकते. जेट एअरवेजची विमाने १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली तेव्हा अनेकांच्या खात्यात वर्षानुवर्षांचे मैल जमा होते, पण ज्या विमानांसाठी ते साठवले ती विमानेच उरली नाहीत. विस्तारा ही विमान कंपनी १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिच्या सदस्यांचे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत वळवण्यात आले, पण त्याबरोबर नियम एअर इंडियाचे लागू झाले. म्हणून मी आता दर सहा महिन्यांनी पॉइंट वापरून टाकतो.

जाहीर केलेले पॉइंट मिळाले नाहीत, तर बिलाची प्रत आणि योजनेच्या अटींचे पान जपून ठेवून आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते आणि त्याविषयीची माहिती १४४४८ या क्रमांकावर मराठीतूनही मिळते. माझ्या बाबतीत अटींमध्ये निवासी हॉटेलचा अपवाद स्पष्ट छापलेला निघाला, त्यामुळे मी तक्रार केली नाही. आईच्या पुढच्या वाढदिवसाला मात्र, टेबल राखून ठेवतानाच, कार्डाचे यंत्र कोणत्या नावाने नोंदलेले आहे ते मी विचारून घेतले.

नमस्कार.