जाळीचं स्टिकर

नमस्कार, श्रोतेहो. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, बीड जिल्ह्यात काम करते. आजचा विषय आहे अंग बाहेर येण्यावर बसवलेल्या जाळीचा त्रास. तो घरात चारचौघांत निघत नाही, म्हणूनच रेडिओवर बोलते आहे.

मागच्या हिवाळ्यात एक बाई तपासायला आल्या. पन्नाशीच्या, बारा-तेरा हंगाम ऊसतोडीला गेलेल्या. "मॅडम, अंग बाहेर यायचं म्हणून जाळी टाकून घेतली. आता बसलं की टोचतंय." मग आवाज खाली आला. "मालकालाबी टोचतंय म्हणतात. चार वर्षं झाली, आम्ही त्यावर बोलतच नाही." कुठली जाळी, कोणत्या कंपनीची, असं विचारलं. कागद दवाखान्यातच राहिला, म्हणाल्या.

अंग बाहेर येणं म्हणजे गर्भपिशवी किंवा योनीमार्गाचा भाग खाली उतरणं. आपल्याकडे हा त्रास का दिसतो, हे मोळी उचलणाऱ्या बाईला सांगायला नको. बाळंतपणं लागोपाठ, ओली बाळंतीण फडात, डोक्यावर ओझं. त्यात गर्भपिशवी काढण्याची घाई. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या सुमारे ८२ हजार महिलांची पाहणी २०१९ मध्ये झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पिशवी काढल्यावरही योनीमार्गाचा वरचा भाग पुढे कधीतरी खाली उतरू शकतो.

खाली आलेल्या भागाला आधार म्हणून जी जाळी बसवतात, ती पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकची असते. हर्नियाला तीच वापरत आले. पण योनीमार्गाची भिंत पातळ असते आणि तिथे जंतूही असतात. जाळी आक्रसते, कधी भिंत कापून बाहेर डोकावते. मांस तिच्या छिद्रांतून वाढलेलं असतं, त्यामुळे काढायला गेलं तर अख्खी निघेलच असं नाही. कधी दोन-तीन शस्त्रक्रिया लागतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये सांगितलं की हे गंभीर त्रास दुर्मीळ नाहीत. एप्रिल २०१९ मध्ये तर अंग बाहेर येण्यासाठी योनीमार्गातून बसवायच्या जाळ्यांची विक्रीच थांबवायला लावली. ऑस्ट्रेलियात त्याच वर्षी तिथल्या फेडरल कोर्टाने जॉन्सन अँड जॉन्सनच्या कंपन्यांना निष्काळजी ठरवलं, बायकांना धोके नीट सांगितले नाहीत म्हणून. २०२२ मध्ये ३० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची तडजोड झाली.

ज्यांना जाळी बसवून काहीच त्रास नाही, त्यांनी घाबरून ती काढायला जाऊ नये. खोकताना लघवी निघते त्यासाठी बसवायची पट्टी आणि पोटातून बसवायची जाळी, यांचा हिशेब वेगळा आहे. त्या अजून वापरात आहेत. पण अंगावरून घाण वास येणारं जात असेल, मधेच रक्त दिसत असेल, लघवीला वारंवार जळजळ होत असेल किंवा ती अडत असेल, मांडीच्या सांध्यात दुखत असेल, संबंधाच्या वेळी टोचत असेल, तर ते वयाचं दुखणं समजून अंगावर काढू नका. त्रास काही वर्षांनीही सुरू होतो. तपासणीला गेल्यावर "मला जाळी बसवलेली आहे" हे पहिलं सांगा. आणि ज्यांची शस्त्रक्रिया व्हायची आहे त्यांनी विचारावं: आत आधाराची रिंग बसवून भागेल का, व्यायामाने, की जाळीशिवाय टाक्यांनी?

आता कागदाचं. जाळीच्या खोक्यात स्टिकर असतं. त्यावर कंपनी, मॉडेल आणि बॅच नंबर असतो. ते केसपेपरवर चिकटवतात. तेच हाती नसेल तर कोणाविरुद्ध बोलायचं? रुग्णाने मागितल्यावर डॉक्टरने ७२ तासांत नोंदी द्यायच्या असा नियम आहे. पण भरती रुग्णांच्या नोंदी तीनच वर्षं जपायचं बंधन आहे. म्हणून अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि आजच द्या.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूसाठी कंपनीवर थेट दावा करता येतो, धोक्याची पुरेशी सूचना दिली नसेल तरीही. शस्त्रक्रिया पुण्यात झाली असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार चालते. मुदत दोन वर्षांची. उशिराचं सबळ कारण असेल तर आयोग ऐकतो, पण त्या भरवशावर राहू नका. सगळ्यांवर फुकट उपचार करणाऱ्या सरकारी दवाखान्याविरुद्ध मात्र ग्राहक आयोगात जाता येत नाही, तिथे दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागते. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे वकील मोफत मिळतो, घरचं उत्पन्न कितीही असो. विचारायला १५१०० हा नंबर आहे.

त्या बाईंच्या जाळीचा बाहेर डोकावणारा तुकडा काढून झाला. टोचणं गेलं, दुखणं थोडं उरलं आहे. जुन्या केसपेपरवर नुसतं "जाळी बसवली" एवढंच लिहिलेलं निघालं, स्टिकर नाही. आता त्यांचा मुलगा औषधाच्या दुकानाचं तेव्हाचं बिल शोधतो आहे.