रामशेजची लाकडी तोफ

मंडळी, नाशिकहून पेठ रस्त्याने निघालात की आशेवाडीच्या डोक्यावर रामशेज दिसतो. 1682 साली औरंगजेबाच्या फौजेने त्याला वेढा घातला आणि हा लहानसा गड पाचएक वर्षं झुंजला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या. किल्लेदाराने झाडांची खोडं पोखरून, वर कातडं मढवून लाकडी तोफा केल्या. मोगलांच्या बाजूच्या खाफीखान या इतिहासकारानेच ते लिहून ठेवलंय. मी तोफखान्यात आयुष्य काढलं, म्हणून मला इथे पराक्रमाच्या आधी एक जाणकार माणूस दिसतो. लाकडात बार भरायचा तर दारू किती घालायची, खोड कधी फुटेल, याचा अंदाज असणारा कुणीतरी गडावर असणारच. लोखंडी तोफ ज्याला पुरती कळलेली असते, त्यालाच लाकडी सुचते.

अधिकारी लवचीक व्हायला हवेत, म्हणून कवायत कमी करा, असं हल्ली मला बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. 1999 साली कारगिलला बोफोर्स तोफांनी काय केलं ते बघा. एरवी तोफेवरच्या जवानाला लक्ष्य दिसतच नाही. पुढे बसलेला निरीक्षण अधिकारी रेडिओवरून दुरुस्त्या सांगतो आणि गोळा डोंगरापलीकडे पडतो. तोलोलिंग आणि टायगर हिलच्या वेळी 155 मिलिमीटरच्या या अवजड तोफा पुढे नेल्या आणि समोर दिसणाऱ्या बंकरांवर थेट नेम धरून डागल्या. त्या उंचीवर हवा विरळ, त्यामुळे गोळा नेहमीपेक्षा लांब जातो. खालचे हिशेब तिथे जसेच्या तसे चालत नाहीत. ज्यांनी आपल्या देवळालीच्या तोफखाना शाळेच्या माळावर तेच हिशेब शेकडो वेळा केलेत, त्यांनाच ते कुठे चुकतील हे ओळखता येतं.

पण कसब हाताशी असूनही माणूस हुकमाची वाट बघत थांबतो, हेही मी पाहिलंय. 1806 साली नेपोलियनकडून मार खाल्ल्यावर प्रशियाच्या सैन्याला हेच खुपलं होतं. पुढे तिथे रीत पडली ती अशी : काय साधायचं ते वरून सांगायचं, कसं ते खालच्यावर सोडायचं.

आपल्याकडे लेफ्टनंट जनरल सगतसिंगांचं उदाहरण आहे. 1971 च्या बांगलादेश युद्धात त्यांच्या कोअरवर, म्हणजे काही डिव्हिजनांच्या मोठ्या फौजेवर, काम होतं मेघना नदीच्या पूर्वेकडचं. मेघनेवरचा आशुगंजचा पूल शत्रूने उडवला. सगतसिंग स्वतः हेलिकॉप्टरमधून नदीवर फिरून आले आणि 9 डिसेंबरपासून एमआय-4 हेलिकॉप्टरांनी जवान पलीकडे उतरवू लागले. दोनच दिवसांपूर्वी सिल्हटला तोच प्रयोग झाला होता, तो अनुभव ताजा होता. 16 तारखेला ढाका पडलं. लढाई कशासाठी चाललीय हे त्यांच्या मनात स्पष्ट होतं, म्हणून पूल गेला तरी ते नदीकाठी अडकून पडले नाहीत.

हे प्रशिक्षणात कसं आणायचं? इथे मला माझी एक चूक सांगायलाच हवी. वाळूच्या नकाशावर सराव चालला होता. एका तरुण लेफ्टनंटने तोफा नाल्याच्या अलीकडे ठेवल्या. माझ्याकडच्या छापील उत्तरात त्या पलीकडे होत्या. मी त्याला कारणही न विचारता खाली बसवलं. संध्याकाळी एकटा त्या जमिनीवर गेलो. त्याचं बरोबर होतं : पाऊस पडला असता तर माझ्या तोफा तिथेच रुतल्या असत्या. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या दिवशी वर्गातल्या सगळ्यांनी तोफा छापील उत्तराप्रमाणे मांडल्या. त्यानेही.

पुढच्या तुकडीला मी छापील उत्तर दिलं नाही. सराव ऐन रंगात आला की रेडिओ काढून घ्यायचो, कधी तुकडीप्रमुखाला ‘तू जखमी झालास’ म्हणून बाजूला बसवायचो आणि सर्वांत ज्युनिअरला सूत्रं द्यायचो. पहिले काही दिवस मुलं बिथरली. ‘सर, बरोबर काय ते सांगा ना,’ म्हणायची. आठवडा उलटला तशी एका सकाळी दोघं एकमेकांची योजना खोडून काढायला उभी राहिली, तिसऱ्याने नाल्यातल्या पाण्याचा मुद्दा काढला, आणि मी वर्गात आहे हे कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.