हिंजवडीला कामाला, राहायला कुठे?

[दृश्य: माण रस्ता. काचेच्या इमारतींच्या मधोमध शिल्लक राहिलेला शेताचा तुकडा.]

निवेदन:
या शिवारात साखर कारखाना उभा राहणार होता. मुळशी-मावळच्या शेतकऱ्यांचा, सहकारी. मग इथं आयटी पार्क करायचं ठरलं आणि संत तुकाराम साखर कारखाना पुढं कासारसाईच्या बाजूला गेला. राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळानं, म्हणजे एमआयडीसीनं, पुण्याच्या पश्चिमेला हिंजवडीत भूखंड पाडले. पहिला टप्पा भरला, दुसरा भरला, तिसरा माणच्या हद्दीत गेला. इन्फोसिस, विप्रो, कॉग्निझंट, टीसीएस, टेक महिंद्रा अशी एकेक कंपनी येत गेली. आज इथं कामाला येणाऱ्यांचा हिशोब लाखांत होतो.

एमआयडीसीचं काम उद्योगाला जमीन, रस्ता, पाणी आणि वीज देण्याचं. ते तिनं केलं. कामाला येणारी माणसं राहणार कुठं आणि सकाळी येणार कशी, हे बघणं तिच्याकडे नव्हतं. ज्या महापालिकांकडे होतं, त्यांची हद्द हिंजवडीच्या अलीकडेच संपत होती.

[दृश्य: पिंपरी स्थानक, लोकल. निगडी प्राधिकरणातले पेठांचे फलक.]

हे पुण्यात याआधी वेगळ्या रीतीनं झालं होतं, आणि तेही इथून काही किलोमीटरवर. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, ती कामगारांची वसाहत सोबत घेऊनच. एचए कॉलनी म्हटलं की आजही पिंपरीतला रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो. साठच्या दशकात एमआयडीसी आली, टेल्को (आताची टाटा मोटर्स) आली, आकुर्डीला बजाज आली. हे सगळे कारखाने रेल्वेच्या आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या आसपास होते. १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं, त्यामागचा उद्देशच कामगारांना कामाजवळ परवडणारं घर मिळावं असा होता. १९७८ साली पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली. खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी: स्थानकांची नावं वाचली तरी कारखान्यांचा नकाशा डोळ्यांसमोर येतो.

सगळं सुरळीत झालं असं नाही. प्राधिकरणाला जमिनी देणाऱ्या शेतकऱ्यांना साडेबारा टक्के जमीन परत मिळण्यासाठी कित्येक वर्षं झगडावं लागलं. घरं अपुरी पडली आणि अनधिकृत बांधकामं वाढली. तरीही पहिल्या पाळीला निघालेल्या माणसापुढं तीन वाटा होत्या. कंपनीची बस होती, लोकल होती, आणि घर जवळ असेल तर सायकल. शिवाय पाळ्यांमुळं सगळा कारखाना एकाच वेळी रस्त्यावर येत नव्हता.

[दृश्य: वाकड, भूमकर चौक, सकाळ. महामार्गाच्या भुयारी मार्गातून सरकणाऱ्या दुचाकी.]

हिंजवडीला रेल्वे नाही. मध्ये मुंबई-बेंगळुरू महामार्ग आडवा पडलेला आहे आणि तो ओलांडायला मोजक्याच जागा आहेत. वाकडचा पूल, भूमकर चौक, पुढं पुनावळे. महामार्गाच्या पूर्वेला राहणारा माणूस कुठल्याही सोसायटीतून निघाला, तरी शेवटी यांपैकी एका ठिकाणी येऊन थांबतो. मग आत शिवाजी चौक लागतो. २०१८ साली पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झालं आणि लगेचच इथं एकेरी वाहतुकीचं चक्र लागू केलं गेलं. त्यानं थोडा श्वास मिळाला. पण चौकात कितीही नीट नियोजन केलं, तरी चौकात येणारी माणसं राहतात कुठं, हे त्यानं बदलत नाही.

घरं कुठं झाली ते बघू. बाणेर-बालेवाडी १९९७ साली पुणे महापालिकेत आलं. त्याच सुमारास वाकड, पुनावळे, रावेत पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं. हिंजवडी, माण, मारुंजी ग्रामपंचायतीच राहिल्या. नोकऱ्या एका कारभाराखाली आणि घरं दोन वेगळ्या महापालिकांत, अशी वाटणी झाली. बिल्डरांनी ‘आयटी पार्कपासून दहा मिनिटांवर’ अशा जाहिराती केल्या आणि बागायती रानांत बारा-बारा मजल्यांचे टॉवर उभे राहिले. टॉवरपर्यंत जाणारा रस्ता मात्र बैलगाडीच्या काळातला. विकास आराखड्यात तो रुंद दाखवलेला असतो, ताब्यात आलेला नसतो.

वाकड आणि बालेवाडीच्या मध्ये मुळा नदी आहे. दोन्ही उपनगरं जोडणारा पूल तिच्यावर बांधून झाला. पण बालेवाडीच्या बाजूचा जोडरस्ता भूसंपादनात अडकला आणि वापराविना पूल वर्षानुवर्षं तसाच पडून राहिला. नदीच्या एका काठावर एक महापालिका, दुसऱ्या काठावर दुसरी. तोवर लोक महामार्गाला वळसा घालून जात राहिले आणि त्या गर्दीत भर पडत राहिली.

आतले रस्ते एमआयडीसीचे, महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, आसपासच्या गावांचं नियोजन २०१५ पासून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडं, म्हणजे पीएमआरडीएकडं, शहर बस पीएमपीची, सिग्नलवरचे पोलीस आयुक्तालयाचे. जून २०२५ मध्ये पहिल्याच मोठ्या पावसात हिंजवडीचे रस्ते पाण्याखाली गेले. ओढे-नाले कुणी अडवले, कुणी बुजवले, यावर बैठकांमागून बैठका झाल्या. एवढी कार्यालयं असलेल्या ठिकाणी नाला साफ कुणी करायचा हे पाऊस आल्यावर ठरवावं लागतं, याचा मला राग येतो.

[दृश्य: एका सदनिकेची खिडकी, खाली दोन दिशांना निघालेल्या कॅब.]

दोष फक्त रस्त्यांचा नाही. नोकरीचं रूपच पालटलं आहे. टेल्कोतला माणूस निवृत्त होईपर्यंत एकाच गेटमधून आत जायचा. त्याला त्या गेटजवळ घर घेणं परवडायचं आणि शहाणपणाचंही होतं. आयटीतली मुलगी दोन-तीन वर्षांत कंपनी बदलते. आज हिंजवडी, उद्या खराडी, परवा मगरपट्टा. गृहकर्ज मात्र वीस वर्षांचं असतं. घर हलत नाही, हलते ती नोकरी, आणि दर बदलाबरोबर प्रवास वाढतो. घरात दोघंही कमावते असले तर गणित आणखी अवघड. एक जण हिंजवडीत, दुसरा खराडीत, म्हणजे शहराच्या दोन टोकांना. मुलाची शाळा तिसरीकडं. हे कुटुंब बाणेरला राहिलं तरी एकाला रोज पूर्ण शहर पार करावं लागतं, वडगावशेरीला राहिलं तर दुसऱ्याला. ‘कामाजवळ राहा’ हा सल्ला अशा घराला देऊन काय उपयोग?

पार्कच्या दारात मोठ्या वसाहती झाल्या, हे खरं आहे. पहिल्या टप्प्यालगत ब्लू रिज, तिसऱ्या टप्प्यात मेगापोलिस. तिथं राहणारे काही जण खरोखर चालत कामाला जातात. पण अशा वसाहतीतून बाहेर कामाला जाणारेही तेवढेच खरे, आणि त्यांनाही याच रस्त्यावर यावं लागतं.

२०२० च्या मार्चमध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा हे रस्ते रिकामे झाले. रस्त्याची रुंदी एक फूटही न वाढवता कोंडी संपली होती. सक्तीनं आणि वाईट कारणानं झालेला तो प्रयोग होता, पण त्यानं एक गोष्ट दाखवून दिली: रस्त्यावर किती माणसं आणि किती वाजता येणार, याचा मोठा भाग कंपन्यांच्या हातात आहे. पुढं कार्यालयात बोलावणी आली. टीसीएसनं ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस हजेरी मागितली, इतरांनी आपापले नियम केले. शेजारच्या इमारतीतली कंपनी आपल्या लोकांना कोणत्या दिवशी आणि किती वाजता बोलावते, याची सांगड घालणं फार कमी वेळा होतं.

[दृश्य: मेट्रो मार्गिका तीनचे खांब, माण ते विद्यापीठ चौक.]

डिसेंबर २०१८ मध्ये हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन झालं. सुमारे तेवीस किलोमीटर, तेवीस स्थानकं. तिच्यासाठी २०२० साली विद्यापीठ चौकातले जुने उड्डाणपूल पाडले आणि त्या चौकानं पुढची काही वर्षं पुणेकरांची परीक्षा बघितली. मुदती सरकत गेल्या.

या मेट्रोची मला मनापासून आस आहे. पण ती वाकड चौकातून बालेवाडी, बाणेर, विद्यापीठ अशी जाते. पुनावळे, रावेत, ताथवडे, मारुंजी तिच्या वाटेवर नाहीत, आणि गेल्या काही वर्षांत स्वस्तात घर शोधणारी तरुण कुटुंबं नेमकी तिकडंच गेली. रावेतहून स्थानकापर्यंत दुचाकीनं यायचं तर महामार्गाची तीच ओलांडणी आली. त्या भागांतून दर दहा मिनिटांनी सुटणारी, थेट कार्यालयांच्या दारापर्यंत जाणारी बस हवी आहे.

अशी बस कुठून सोडायची, हे अंदाजानं ठरवायची गरज नाही. कोण कुठून येतं हे प्रत्येक कंपनीला माहीत असतं. पगाराच्या नोंदीत पत्ता असतो, कॅबच्या यादीत बसण्याची जागा आणि वेळ असते. नावं नकोत, घर क्रमांक नकोत. फक्त पिनकोड, आणि त्या पिनकोडमधून किती जण किती वाजता येतात तो आकडा. सगळ्या टप्प्यांतल्या कंपन्यांनी एवढं एकत्र करून पीएमपी आणि पीएमआरडीएच्या हाती दिलं, तर बसचे मार्ग त्यावरून आखता येतील. भूखंड घेताना उद्योगाला पाण्याची आणि विजेची गरज लिहून द्यावी लागते. माणसं कुठून आणि कशी येणार हेही तिथंच विचारता येईल. जिथं पाळ्या सुटल्या की पुणे-नाशिक रस्ता तुंबतो आणि जिथं रेल्वे अजून पोचलेली नाही, त्या चाकणच्या औद्योगिक पट्ट्यापासून ही सुरुवात करावी.