माझं दैव माले कये

नमस्कार मंडळी. कविता माणसाला स्वतःची ओळख करून देते असं आपण नेहमी म्हणतो, पण ते नेमकं घडतं कसं, हे मला आज बहिणाबाई चौधरींच्या एकाच कवितेवरून सांगायचंय.

जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई, जन्म १८८०चा, लिहिणं वाचणं आयुष्यात कधी शिकल्या नाहीत, घरात शेतात काम करता करता लेवा गणबोलीत रचायच्या, मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जमेल तेवढं लिहून घेतलं आणि त्या गेल्यावर १९५२ साली आचार्य अत्र्यांमुळे पुस्तक आलं. हे बहुतेकांना माहितीच आहे, 'अरे संसार संसार' तर आपल्या कितीतरी प्रोग्रॅममध्ये होतं.

पण तरुणपणीच नवरा गेला त्यानंतरची कविता एकदा चाल न लावता, सावकाश वाचा.

लपे करमाची रेखा
माझ्या कुंकवाच्या खाली
पुशीसनी गेलं कुंकू
रेखा उघडी पडली

कुंकू पुसलं आणि त्याखाली झाकलेलं नशीबच उघडं पडलं, मला तर दर वेळी इथे थांबावं लागतं. अजून त्या नशिबाला धरून आहेत, चारचौघांनी सांगितलं तेच मानतायत. मग नजर कपाळावरून तळहातावर येते, देवालासुद्धा त्या चार शब्द सुनावतात, आणि नशीब म्हणतात त्या तळहाताच्या नुसत्या रेघोट्या आहेत असं म्हणून मोकळ्या होतात. पोरं सुखी राहू दे, एवढंच मागणं. आणि शेवटी ज्योतिषालाच सांगतात, माझा हात पाहू नको, "माझं दैव माले कये, माझ्या दारी नको येऊ", म्हणजे माझं दैव मला कळतं.

मला मनापासून वाटतं, पहिली ओळ सुचली तेव्हा ही शेवटची ओळ बहिणाबाईंकडे नव्हती. रचता रचताच त्या तिथवर पोचल्या, दुःख तेवढंच होतं पण आता ते काय आहे हे सांगायला दुसरं कुणी लागणार नव्हतं.

म्हणून माझी एक विनंती आहे. पुढच्या कविसंमेलनात फॉरवर्ड आलेल्या कविता नकोत, प्रत्येकाने स्वतःच्या चार ओळी आणूया, मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, जी घरात बोलतो ती भाषा, आणि मुलांची इंग्लिश मिसळलेली मराठी पण चालेल, कृपा करून तिथल्या तिथे सुधारायला जाऊ नका. यमक नाही जुळलं तरी चालेल. ज्या आजी-आजोबांना लिहायला जमत नाही त्यांनी नुसतं सांगावं, लिहून घ्यायला मी येते.